समुद्रकांठच्या राजेशाही हॉटेलांची पारख

फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर नीस, कान आणि आंतीब, अटलांटिकच्या कांठीं बियारित्स, आणि इंग्लिश खाडीवर दोव्हील व काबूर हीं गांवें समुद्रकांठच्या राजेशाही हॉटेलांसाठीं शंभर वर्षांहून अधिक काळ प्रसिद्ध आहेत. त्यांतील पहिल्या प्रतीच्या कित्येक हॉटेलांत ऐन उन्हाळ्यांत एका खोलीचें एका रात्रीचें भाडें हजार युरोंच्या वर जातें. एवढ्या रकमेंत महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा प्रपंच चालावा. तरीही या हॉटेलांत उतरणारे सगळेच कांहीं कोट्यधीश नसतात. विवाहाचा पंचविसावा वाढदिवस, नोकरींतून निवृत्त झाल्यावरचा पहिला मोठा प्रवास, परदेशीं स्थायिक झालेल्या मुलानें आईवडिलांना दिलेली भेट, अशा निमित्तानें सांठविलेली पुंजी मोडून दोन रात्रींपुरतीं तेथें येणारीं कुटुंबेंही असतात. धनिकाची एक रात्र वायां गेली तर तो दुसऱ्या दिवशीं दुसरें हॉटेल गांठतो. परंतु अशा कुटुंबाची रात्र वायां गेली तर ती पुन्हां हातीं लागत नाहीं. म्हणून अशा हॉटेलाची पारख कशी करावी, हा प्रश्न वाटतो तितका केवळ चैनीचा नाहीं.

या ठिकाणीं पाहुणा तीन गोष्टी विकत घेत असतो: समुद्र, खोली आणि माणसांची सेवा. यांपैकीं कांहीं भाग मोजपट्टीनें मोजतां येतो व कांहीं येत नाहीं. मोजतां येणारा भाग सरकारी तपासणी मोजते. उरलेला भाग पाहुण्यानें स्वतःच पाहावा लागतो, आणि फसगत बहुधा तेथेंच होते.

प्रथम सरकारी ताऱ्यांचा विचार करूं गेल्यास असें दिसतें कीं, फ्रान्समध्यें हॉटेलांचें वर्गीकरण ऐच्छिक आहे. ज्या हॉटेलाला तारे हवे असतील त्यानें मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घ्यावयाची, आणि नंतर 'आतू फ्रान्स' ही पर्यटनाची राष्ट्रीय संस्था त्याला श्रेणी देते. ही श्रेणी पांच वर्षांपुरती असते. मुदत संपली कीं पुन्हां तपासणी आली. २००९ पूर्वीं चार तारे व त्यांपुढें 'लक्झ' हा शब्द, येथपर्यंतच मजल होती. पांचवा तारा त्या वर्षीं आला. पांच ताऱ्यांच्या हॉटेलांत दोघांच्या खोलीचें किमान क्षेत्रफळ २४ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २६० चौरस फूट, असावें लागतें. एका ताऱ्याच्या हॉटेलांत ९ चौरस मीटरही चालतात. पांच ताऱ्यांसाठीं हवा थंड राखण्याची सोय सक्तीची आहे. सेवकवर्गाला इंग्रजी धरून दोन परकीय भाषा बोलतां आल्या पाहिजेत. पाहुण्याला खोलीपर्यंत पोंचविणें, खोलींत जेवण आणून देणें, मोटार नेऊन उभी करणें हेंही सारें यादींत आहे. चार व पांच ताऱ्यांच्या तपासणींत एक तपासनीस आपली ओळख न देतां साध्या पाहुण्यासारखा येऊन राहून जातो.

याहून वरचा मान 'पालास' या नांवाचा आहे. तो २०१० सालीं निर्माण झाला व २०११ सालीं त्याची पहिली यादी जाहीर झाली. तींत साऱ्या देशांतील अवघीं आठ हॉटेलें होतीं, आणि त्यांतील दोन समुद्रावरचीं होतीं: बियारित्सचें 'ओतेल द्यु पाले' आणि काप-फेरा येथील 'ग्रांद-ओतेल'. यंत्रानें किंवा यादीनें सांपडणार नाहीं असें कांहीं तरी वैशिष्ट्य अंगीं असल्याखेरीज हा मान मिळत नाहीं.

ही व्यवस्था प्रामाणिक आहे, आणि तिचा उपयोगही मोठा आहे. परंतु तिची मर्यादा ध्यानांत ठेविली पाहिजे. खोलींत पलंगाशेजारीं दिवा आहे कीं नाहीं हें तपासनीस लिहून घेतो. त्या दिव्याच्या उजेडांत साठ वर्षांच्या माणसाला वाचतां येतें कीं नाहीं, हें यादींत कोठून येणार? सेवकाला दोन भाषा येतात हें कळतें. परंतु थकून आलेल्या पाहुण्याशीं त्या दोन भाषांपैकीं एकींत तरी तो आपुलकीनें बोलतो काय, हें त्या एका भेटीवरून पांच वर्षांसाठीं ठरवितां येत नाहीं. तारे असलेले बरे. पण पारख तेथें सुरू होते, संपत नाहीं.

खोलीची पारख करण्यापूर्वीं या इमारतींचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा, कारण आजच्या पुष्कळ तक्रारींचें मूळ त्यांत आहे. भूमध्य किनाऱ्यावरचीं जुनीं हॉटेलें उन्हाळ्यासाठीं बांधलेलींच नव्हतीं. आगगाडी १८६३ सालीं कानला व १८६४ सालीं नीसला पोंचली, आणि तिच्याबरोबर उत्तरेकडील थंडी टाळूं पाहणारे इंग्रज, रशियन आणि क्षयानें पीडलेले रुग्ण तेथें येऊं लागले. त्यांना समुद्रांत पोहावयाचें नव्हतें. त्यांना हिवाळ्यांतील ऊन व कोरडी हवा हवी होती. व्हिक्टोरिया राणीसाठीं म्हणून १८९७ सालीं नीस येथें जें 'एक्सेल्सियर रेजिना' हॉटेल उघडलें, तें समुद्रावर नसून सिमिएच्या टेकडीवर आहे, यावरून त्या काळची आवड कळते. उन्हाळा आला कीं हीं हॉटेलें कुलुपें लावून बंद होत. १९२३ च्या उन्हाळ्यांत जेराल्ड व सेरा मर्फी या अमेरिकन दांपत्याच्या आग्रहावरून आंतीबच्या 'ओतेल द्यु काप' या हॉटेलाचा कांहीं भाग उघडा राहिला, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत साऱ्या किनाऱ्याचा हंगाम हिवाळ्यावरून उन्हाळ्यावर आला.

इमारती मात्र त्याच राहिल्या. डिसेंबरचें ऊन आंत घेण्यासाठीं ठेविलेली दक्षिणेची भव्य खिडकी जुलै महिन्यांत भट्टीचें काम करते. म्हणून हवा थंड ठेवण्याचें यंत्र आणि खिडकीबाहेरच्या लांकडी झडपा या दोन गोष्टी तेथें शोभेच्या नसून गरजेच्या आहेत. त्या काळचे पाहुणे सहकुटुंब व आपले नोकर बरोबर घेऊन महिनोन्महिने राहत. म्हणून शेजारच्या खोल्यांना जोडणारीं दारें ठेवीत, आणि नोकरांसाठीं माळ्यावर किंवा मागच्या बाजूस लहान खोल्या काढीत. आज त्याच दाराच्या फटींतून शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येतें, आणि त्याच लहान खोल्या डागडुजी होऊन हॉटेलाच्या सर्वांत स्वस्त खोल्या म्हणून विकल्या जातात. त्या वाईट असतात असें नव्हे. परंतु इमारतीचें नांव मोठें म्हणून खोलीही मोठी असेल असें धरून चालूं नये. खोली ठरवितांना मजला, दिशा, क्षेत्रफळ आणि शेजारच्या खोलीला जोडणारें दार आहे कीं नाहीं, या चार गोष्टी लेखी विचारून घेतल्यास अर्ध्या तक्रारी जन्मासच येणार नाहींत.

दिशेचा प्रश्न तर विशेष मनोरंजक आहे. 'समुद्राकडील खोली' हे दोन शब्द सर्वत्र सारखेच छापलेले असतात, परंतु तीन किनाऱ्यांवर त्यांचा अर्थ तीन प्रकारचा होतो. नीस व कान येथें समुद्र दक्षिणेस आहे; तेथें समुद्राकडील खोलींत दिवसभर ऊन असतें. काबूर व दोव्हील येथें समुद्र उत्तरेच्या बाजूस आहे. तेथें जी खोली समुद्र दाखविते तिला दुपारचें ऊन मिळत नाहीं, आणि ज्याला ऊन हवें त्यानें गांवाकडील खोली घेणें शहाणपणाचें ठरतें. बियारित्सचा समुद्र पश्चिमेकडे आहे. तेथें सूर्यास्त पाण्यांत होतो. कोंकणच्या किनाऱ्याची संवय असलेला मराठी प्रवासी सूर्य समुद्रांतच बुडावयाचा असें गृहीत धरतो, आणि नीसला सज्जांत बसून तो डोंगराआड गेलेला पाहून हिरमुसतो. हा दोष हॉटेलाचा नाहीं, भूगोलाचा आहे. त्याचप्रमाणें 'समुद्रावर' आणि 'समुद्राचें बाजूनें दर्शन' यांतही अंतर आहे. दुसऱ्या प्रकारांत सज्जाच्या कठड्यावरून मान वळविली म्हणजे निळ्या रंगाची एक पट्टी दिसते. तिच्यासाठींही जादा भाडें पडतें.

शिवाय समुद्र आणि हॉटेल यांच्यामध्यें काय आहे, हें पाहावें. नीसला त्यांच्यामध्यें 'प्रोमनाद देझांग्लें' हा हमरस्ता आहे, कानला 'क्रवाझेत' आहे. दोहोंवर रात्रीं उशिरापर्यंत मोटारी धांवतात. म्हणून तेथें खालच्या मजल्यावरची समुद्राकडील खोली ही दिवसा सुंदर व रात्रीं त्रासदायक ठरूं शकते. काबूरच्या 'ग्रांद-ओतेल' मध्यें कादंबरीकार मार्सेल प्रूस्त १९०७ पासून १९१४ पर्यंत प्रतिवर्षीं उन्हाळ्यांत राहत असे, आणि त्याच्या कादंबरींतील बालबेक या गांवाला बऱ्याच अंशीं त्या वास्तव्याचा आधार आहे. गोंगाटाविषयीं तो फार हळवा असे. आपल्या डोक्यावर कोणाचीं पावलें वाजूं नयेत याची तो चिंता वाही. प्रूस्तची ही चिंता आज कोणाही पाहुण्यानें उसनी घेण्यासारखी आहे.

आतां प्रत्यक्ष खोलींत पाऊल टाकल्यावर काय पाहावें? साधारण माणूस प्रथम पडदे, आरसे आणि मेजावरचीं फुलें पाहतो. अनुभवी माणूस प्रथम दार लावून घेतो आणि मिनिटभर स्तब्ध उभा राहतो. उद्वाहकाचा खडखडाट, यंत्राची घरघर, शेजारचें बोलणें, जें कांहीं ऐकूं यावयाचें तें त्या एका मिनिटांत ऐकूं येतें. दुसरी परीक्षा अंधाराची. झडपा व पडदे ओढून घेतल्यावर भर दिवसा खोली काळोखी झाली पाहिजे. जूनमध्यें त्या देशांत पहांटे सहाच्या सुमारास लख्ख उजाडलेलें असतें, हें विसरूं नये. तिसरी परीक्षा पाण्याची. ऊन पाणी किती वेळानें येतें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे वापरलेलें पाणी किती वेळांत वाहून जातें, हें पाहावें. चौथी परीक्षा पलंगाची: गादी मधोमध बसलेली नसावी, आणि दोन अरुंद गाद्या जोडून एक केलेली असल्यास पाहुण्याला तें आधीं सांगितलेलें असावें.

पांचवी परीक्षा मात्र समुद्रकांठचीच आहे. ती म्हणजे खाऱ्या हवेची. मुंबई-रत्नागिरीकडील माणसाला ती वेगळी सांगावयास नको. खारा वारा लोखंड खातो, लांकूड फुगवितो, पितळ काळें करतो आणि कपाटांत कुबट वास सोडतो. म्हणून सज्जाच्या कठड्याचे सांधे, खिडकीच्या बिजागऱ्या, नळाच्या मुळाशीं असलेली कडी आणि कपाटाच्या आंतला वास, हीं चार ठिकाणें खोटें बोलत नाहींत. दिवाणखान्यांतील झुंबर दहा वर्षांनीं एकदां उजळलें तरी चालतें. बिजागरी वर्षाच्या वर्षास पुसावी लागते. ज्या हॉटेलांत बिजागरी स्वच्छ व मऊ चालते, त्या हॉटेलांत कोणी तरी रोज लक्ष देत आहे, असें खुशाल समजावें.

आधुनिक खोलीच्या स्वच्छतेची कल्पना ज्यानें रूढ केली, तो सेझार रिट्झ हाही याच किनाऱ्यावर तयार झाला. स्वित्झर्लंडमधील एका खेड्यांत १८५० सालीं जन्मलेल्या या माणसानें रिव्हिएरावरील हिवाळी हॉटेलांत व्यवस्थापन केलें, आणि १८९८ सालीं पॅरिसमध्यें आपल्या नांवाचें हॉटेल उघडलें. धूळ धरणारे जाड पडदे त्याला खपत नसत. भिंतींना कागद चिकटविण्यापेक्षां धुतां येईल असा रंग त्यानें पसंत केला, आणि खोलीला लागूनच स्नानगृह देण्याचा आग्रह धरिला. क्षयाच्या भीतीनें पछाडलेल्या त्या काळांत ही नुसती हौस नव्हती. ज्या वस्तूची धूळ झटकतां येत नाहीं ती वस्तू पाहुण्याच्या खोलींत नको, हा त्याचा नियम आजही मोजपट्टी म्हणून वापरण्याजोगा आहे.

खोलीबाहेर पडल्यावर समुद्राचा प्रश्न येतो, आणि येथें पुष्कळांचा गैरसमज असतो. 'हॉटेलाची खासगी पुळण' असे शब्द कानांवर पडतात. परंतु फ्रान्सच्या कायद्यानें समुद्रकांठ कोणाच्याही खासगी मालकीचा होऊं शकत नाहीं. भरतीच्या पाण्याखालीं येणारी जमीन सार्वजनिक होय, हें तत्त्व १६८१ सालच्या, कोल्बेरच्या काळांतील, आरमारी फर्मानापासून चालत आलेलें आहे. १९८६ च्या किनारा-कायद्यानें पुळणीचा मोफत व मुक्त उपयोग हाच तिचा मूळ हेतु ठरविला, आणि २००६ च्या हुकुमान्वयें नैसर्गिक पुळणीचा किमान ८० टक्के भाग मोकळा ठेवावा लागतो. हॉटेलाला मिळतो तो उरलेल्या भागांतील ठराविक मुदतीचा परवाना. तेथील छत्री व बैठक यांचें भाडें खोलीच्या भाड्यांत आहे कीं निराळें, हें आधीं विचारावें. कारण कित्येक ठिकाणीं तें निराळें असतें. आणि दहा पावलांवर तोच समुद्र सर्वांना फुकट आहे, हेंही विसरूं नये.

पुळणीचा प्रकारही सर्वत्र एक नाहीं. नीसला वाळू नाहीं, गुळगुळीत गोटे आहेत. अनवाणी चालणाऱ्यास ते सलतात. आंतीबच्या 'ओतेल द्यु काप' खालीं खडक आहे, आणि त्या खडकांतच १९१४ सालीं पोहण्याचा तलाव खोदलेला आहे. दोव्हीलला वाळू विपुल आहे, परंतु ओहोटीच्या वेळीं पाणी फार दूर जातें; भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळ जवळ नाहींच. लहान मुलें बरोबर असलेल्या कुटुंबाला या माहितीचा उपयोग पांचव्या ताऱ्याहून अधिक आहे.

आतां राहिली सेवा. हा भाग सर्वांत नाजूक आहे, कारण येथें परीक्षक व परीक्ष्य दोघेही माणसें आहेत. पहिली गोष्ट म्हणजे फ्रान्समध्यें हॉटेलांतील सेवा हा शिकून घेतलेला व्यवसाय आहे. नीसजवळच्या व्हिल्नव्ह-लुबे या गांवीं १८४६ सालीं जन्मलेल्या ओग्युस्त एस्कोफिए यानें स्वयंपाकघरांत कामाची कडक वांटणी बसविली; तो व रिट्झ मिळून काम करीत, आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांनीं ही शिस्त जगभर नेली. दाराजवळच्या मेजामागें बसणारा 'कोंसिएर्ज' हा पाहुण्यांचा जणूं कारभारीच. आगगाडीच्या तिकिटापासून रात्रीं-अपरात्रीं लागणाऱ्या डॉक्टरापर्यंत सारें त्यानें जमवावयाचें. अशा कोंसिएर्जांचा संघ १९२९ सालीं फ्रान्समध्यें निघाला व १९५२ सालीं कान येथें तो आंतरराष्ट्रीय झाला. कोटाच्या दोन्ही पट्ट्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या सोन्याच्या किल्ल्यांचें चिन्ह दिसलें, तर तो माणूस त्या संघाचा सभासद आहे असें समजावें.

अशा शिकलेल्या माणसाची रीत समजून न घेतां त्याच्याविषयीं मत बनविणें अन्यायाचें होतें. फ्रान्समध्यें कोणत्याही संभाषणाच्या आरंभीं 'बोंझूर' म्हणून अभिवादन करणें हा शिष्टाचाराचा पहिला धडा आहे. तें न करतां एकदम मागणी करणारा पाहुणा त्यांना उद्धट वाटतो, आणि मग त्यांची थंड वागणूक पाहुण्याला उद्धट वाटते. वाढपी जेवणानंतर बिल आणीत नाहीं, तो आळसामुळें नव्हे. न मागतां बिल पुढें ठेवणें म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणें, असें तेथें मानतात. १९८७ पासून भोजनाच्या दरांत सेवेचा आकार अंतर्भूत असतो. वर कांहीं ठेवणें खुशीचें आहे, आणि तें न ठेविल्यास कोणी पाहुण्याला कृपण म्हणूं नये. बिलावर निराळा दिसतो तो मुक्कामाचा कर. तो १९१० च्या कायद्यानें सुरू झाला व गांवाच्या तिजोरींत जातो. त्यावरून हॉटेलाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं.

मग खरी परीक्षा कोणती? मराठी घरांतील शाकाहारी पाहुण्याच्या हातीं एक चांगली परीक्षा आपोआपच आलेली असते. तेथील पाकशास्त्रांत मांसाचें व माशाचें सार पायाभूत आहे, आणि पुष्कळ परंपरागत चीजही वासराच्या जठरांतील रेनेटनें विरजलेलें असतें. एक दिवस आधीं सूचना दिली असतां, सामान्य हॉटेल ताटांतील मांस वगळून उरलेली भाजी पुढें ठेवतें. चांगलें हॉटेल दोन प्रश्न विचारतें, अंडें चालतें काय आणि चीज चालतें काय, आणि दुसऱ्या दिवशीं त्या पाहुण्यासाठीं म्हणून एक पदार्थ तयार करतें. सर्वांत चांगल्या हॉटेलांत हे प्रश्न एकदांच विचारले जातात. तिसऱ्या दिवशीं सकाळीं दुसराच वाढपी असला तरी त्याला तें ठाऊक असतें. एकाला सांगितलेलें सर्वांना कळणें, हाच सेवेचा कणा होय. स्मित आणि लवून केलेला नमस्कार हे त्यावरचे अलंकार.

दुसरी परीक्षा चुकीची. शेंकडों खोल्यांच्या घरांत चूक होणारच: ऊन पाणी बंद पडेल, सामान चुकीच्या खोलींत जाईल, ठरविलेली खोली दुसऱ्यास दिली जाईल. चूक झाली यावरून हॉटेलाची किंमत ठरवूं नये. चूक सांगितल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत काय होतें यावरून ठरवावी. ज्याला पाहुण्यानें सांगितलें तोच माणूस काम पत्करतो, कीं दुसऱ्याकडे बोट दाखवितो? उपाय आधीं सुचविला जातो, कीं पाहुण्याला आवाज चढवावा लागतो? परंतु येथें पाहुण्याचेंही एक कर्तव्य आहे. अडचण तत्काळ व शांतपणें सांगावी. रात्रभर कुढत राहून निघतांना जो रागावतो, त्यानें हॉटेलाला चूक सुधारण्याची संधीच दिलेली नसते. आणि स्वतःची रात्रही त्यानें स्वतःच घालविलेली असते.

तिसरी परीक्षा सहसा कोणी करीत नाहीं, परंतु ती सर्वांत बोलकी आहे: वरिष्ठ आपल्या हाताखालच्या माणसांशीं कसे वागतात, हें पाहावें. या किनाऱ्यावरील पुष्कळ सेवकवर्ग हंगामी असतो. वसंताच्या अखेरीस तो येतो, ऑगस्टमध्यें त्याच्यावर कामाचा कळस होतो, आणि शरदांत तो पांगतो. हंगामाच्या आरंभीं माणसें नवीं असतात. ऑगस्टच्या अखेरीस तीं थकलेलीं असतात. जून व सप्टेंबर या महिन्यांत सेवा अधिक निवांत मिळते, याचें कारण गर्दी कमी हें तर खरेंच, परंतु माणसाला श्वास घेण्यास वेळ असतो हेंही आहे. ज्या हॉटेलांत तीच माणसें पुन्हां पुन्हां कामावर येतात तेथें पाहुणचार मुरतो. जेथें खोली झाडणारी बाई पाहुणा दिसतांच भिंतीला चिकटून उभी राहते, तेथें कोठें तरी कांहीं तरी बिघडलेलें आहे असें समजावें. भयानें केलेली सेवा वरवर चोख दिसते, पण ती पाहुण्यालाही सुखानें बसूं देत नाहीं.

याच कसोट्या दुसऱ्यांच्या अभिप्रायांनाही लावाव्यात. मिशलॅन या टायर बनविणाऱ्या पेढीनें १९०० सालीं मोटारवाल्यांसाठीं काढलेल्या मार्गदर्शिकेपासून हॉटेलांविषयीं मतें देण्याची प्रथा तेथें रुजली, आणि २०२४ पासून ती मार्गदर्शिका फ्रान्सच्या हॉटेलांना एक, दोन किंवा तीन 'किल्ल्या' देऊं लागली आहे. परंतु पाहुण्यांच्या तोंडून ऐकलेलें मत घेतांना चार प्रश्न विचारावे: तो कोणत्या महिन्यांत गेला होता, कोणत्या बाजूच्या खोलींत राहिला, काय भाडें दिलें, आणि काय मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. या चार उत्तरांवांचून 'उत्तम' आणि 'भिकार' हे दोन्ही शब्द सारखेच निरुपयोगी आहेत. एकाला गोंगाट वाटला तो दुसऱ्याला समुद्राचा घोष वाटतो. एकाला जी जुनाट खोली वाटली तींत दुसऱ्याला शंभर वर्षांचा वास लाभतो.

नीसच्या 'नेग्रेस्को' हॉटेलाची कथा या संदर्भांत स्मरणीय आहे. बुखारेस्ट येथें जन्मलेल्या आंरी नेग्रेस्को यानें १९१३ सालीं तें उघडलें. गुलाबी घुमट, भव्य दालन, त्या काळच्या नवलाईच्या सोयी, कशाचीच उणीव नव्हती. पुढच्याच वर्षीं महायुद्ध आलें. हॉटेलाचें रुग्णालय झालें. पाहुण्यांच्या पलंगांवर जखमी सैनिक निजले. नेग्रेस्को कर्जबाजारी झाला आणि १९२० सालीं मरण पावला. इमारत आजही उभी आहे. दगड, घुमट आणि झुंबर हीं मालकाच्या मागें टिकतात. पाहुणचार मात्र टिकत नाहीं. तो कालचा आज चालत नाहीं. रोज सकाळीं कोणी तरी तो नव्यानें करावा लागतो.

म्हणून अशा हॉटेलांतून निघतांना पाहुण्यानें हिशेब असा करावा. रात्रीं झोंप शांत लागली काय? जें मागावें लागूं नये तें न मागतां मिळालें काय? जें मागितलें तें एकदां सांगितल्यावर ध्यानांत राहिलें काय? आणि ज्यांनीं ही सेवा केली, त्यांच्या डोळ्यांला डोळा देऊन आभार मानतांना दोघांपैकीं कोणालाही संकोच वाटला नाहीं ना? या चारही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी आलें, तर भाडें कितीही असो, तें वसूल झालें. आणि तसें तें आलें नाहीं, तर दारावरच्या पांच ताऱ्यांनीं ती रात्र भरून निघत नाहीं.